‘देवाची इच्छा’ म्हणू नका: लेकरू गेलेल्या घरातून आलेल्या प्रश्नाला एका पाळकाचं उत्तर

ताई, सलाम.

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी ते नीट ऐकलं की नाही हे तुम्हाला कळेल. तुमच्या भावाची सहा वर्षांची मुलगी अकरा महिने रक्ताच्या कॅन्सरने आजारी होती, गेल्या महिन्यात ती गेली. चर्चच्या मंडळीतले लोक घरी येऊन ‘देवाची इच्छा’ म्हणतात. शेजारच्या काकू मागच्या जन्माचे भोग म्हणतात. तुमच्या ऑफिसातला मित्र म्हणतो, देव सर्वशक्तिमान असता आणि चांगलाही असता तर हे होऊच दिलं नसतं, म्हणजे तो नाहीच. वहिनींनी उपासनेला येणं बंद केलंय. कबरीच्या दगडावर ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ कोरावं असं भावाच्या मनात आहे, वहिनींना ते नकोय. यात ख्रिस्ती माणसाने काय मानायचं आणि वहिनींना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी ३४ वर्षं पाळक आहे. त्यातली १९ एका मिशन हॉस्पिटलात गेली, आणि त्यातलाही बराच काळ लहान मुलांच्या वॉर्डात. तेव्हा पुढे जे सांगतोय ते थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं खाटेशेजारच्या स्टुलावर बसून शिकलेलं आहे.

तुमच्या भाचीचा आजार ही देवाची इच्छा होती असं मी मानत नाही. मराठीत हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो. म्हातारं माणूस गेलं की ‘देवाज्ञा झाली’, मूल गेलं की ‘देवाला आवडलं’. सांत्वनाला दुसरे शब्द सुचत नाहीत म्हणून हे तोंडात येतात, कुणाचा हेतू वाईट नसतो. पण येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असं मागायला सांगितलंय. जे आधीच होतंय ते कुणी मागतं का? पृथ्वीवरची प्रत्येक गोष्ट त्याच्याच इच्छेने घडत असती, तर या मागणीला काही अर्थच उरला नसता. रविवारी आपण ती प्रार्थना म्हणतो आणि सोमवारी दफनाला जाऊन तिच्या उलट बोलतो.

येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं पुन्हा एकदा या नजरेने वाचून पाहा. आजारी माणूस समोर आला आणि येशू त्याला म्हणाला, ‘ही माझ्या पित्याची इच्छा आहे, सोस,’ असं एकदाही झालेलं नाही. कुष्ठरोगी असो, बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई असो, मरणाला टेकलेली याईराची मुलगी असो, तो आजाराला शत्रू समजूनच वागतो. आपला मित्र लाजार याच्या कबरीपाशी तो रडला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी त्याच्या मनाची जी अवस्था सांगितलीय, तिच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये आलेल्या शब्दात चक्क राग आहे. आणि प्रेषित पौल मृत्यूला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. आपण त्याच मृत्यूला देवाचा निरोप्या करून टाकतो.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. पाळक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या मंडळीतली एक विधवा बाजारात भाजी विकायची. तिचा आठ वर्षांचा मुलगा मेंदूज्वराने चार दिवसांत गेला. दफनाच्या वेळी मी मोठ्या पाळकांकडून ऐकलेलं वाक्य म्हटलं: ‘देवाला आपल्या बागेसाठी एक सुंदर फूल हवं होतं, त्याने ते खुडलं.’ मूठमाती देऊन लोक पांगले. ती हाताची माती पदराला पुसत माझ्यापाशी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘साहेब, त्याची एवढी मोठी बाग. माझं एकच रोप होतं.’

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे बायबलातलं शमुवेलाचं दुसरं पुस्तक उघडलं. नाथान संदेष्टा दावीद राजाला गोष्ट सांगतो ती तुम्हाला ठाऊक असेल. श्रीमंताकडे पुष्कळ गुरंमेंढरं, गरिबाकडे एकच लहानशी मेंढी, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या उराशी निजणारी. श्रीमंताकडे पाहुणा येतो, तेव्हा तो स्वतःच्या मेंढरांना हात लावत नाही, गरिबाची ती एक मेंढी नेतो. ऐकून दावीद संतापतो, हा माणूस मरणदंडाला पात्र आहे म्हणतो. आणि मी भर दफनभूमीत उभं राहून देवाला त्या श्रीमंताच्या जागी बसवलं होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही.

एक अवघड गोष्ट लपवायची नाही. त्याच अध्यायात पुढे दाविदाचं तान्हं मूल मरतं, आणि ते दाविदाच्या पापाचा परिणाम म्हणून सांगितलंय. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तर अरिष्ट आणणारा मीच, अशा अर्थाचं वचन आहे. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या परंपरेतले माझे काही पाळकबंधू याच वचनांवर बोट ठेवून म्हणतात, काहीही त्याच्या ठरावाबाहेर घडत नाही. हा सूर शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहेच. पण निरपराध असून सगळं गमावलेला आणि त्या सुराशी भांडणारा ईयोबही त्याच शास्त्रात आहे, आणि मला शेवटचा शब्द येशूचा वाटतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ते अठरा जण यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका, असं तो स्पष्ट बजावतो.

काकूंना माझं उत्तर हेच आहे, पण ते त्यांच्या तोंडावर फेकू नका. मागच्या जन्माच्या हिशोबात सगळं चोख जुळतं हे खरं, फक्त ते जुळवायला सहा वर्षांच्या पोरीला गुन्हेगार ठरवावं लागतं, आणि तेवढ्यासाठी मला तो हिशोब मान्य नाही. बाकी तुमच्या घरी चूल पेटली नव्हती तेव्हा पिठलं-भाकरी त्याच काकूंनी आणली असणार, असा माझा अंदाज आहे. ती भाकरी त्यांच्या बोलण्यापेक्षा खरी माना.

वॉर्डात तुम्ही पिवळ्या रंगाची सलाईन पाहिली असेल. मेथोट्रेक्सेट. १९४७-४८ मध्ये बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर असलेल्या मुलांना या औषधाची थोरली बहीण म्हणावी असं ॲमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलांचा आजार पहिल्यांदाच, काही काळापुरता का होईना, मागे हटला. ते औषध तयार करून देणाऱ्या गटाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी आजाराने भाऊ गमावलेला हा माणूस. त्याआधी हा आजार झालेलं मूल काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत जायचं. आज चांगले उपचार वेळेवर मिळाले तर यातली बहुसंख्य मुलं बरी होतात. मुलांचा कॅन्सर देवाच्या इच्छेने होत असेल तर सुब्बाराव देवाचे विरोधक ठरतात. माझ्या मते तो माणूस देवाच्याच बाजूने लढत होता, त्याच्या पूजेची पद्धत कोणतीही असो.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ते जुनं आहे आणि वजनदार आहे. देवाला दुःख थांबवायचंय पण जमत नाही, की जमतं पण थांबवायचं नाही? हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगतात, आणि तो आपल्यापर्यंत पोचला लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवला म्हणून. आमच्या लोकांनी हा प्रश्न कधी दडपला नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं. १९५५ साली जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने तो काटेकोर करून मांडला: सर्वशक्तिमान, सर्वस्वी चांगला देव आणि वाईट, ही तिन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत. १९७४ मध्ये आल्विन प्लँटिंगा यांनी त्याला दिलेलं उत्तर असं की, खरोखर मोकळी माणसं निर्माण करायची आणि ती कधीच वाईट वागणार नाहीत याची हमीही घ्यायची, हे देवालाही एकाच वेळी शक्य नसेल. प्रेम करायला मोकळीक लागते, आणि तीच मोकळीक सुरा उचलायलाही वापरता येते. हे उत्तर आल्यावर पुष्कळ नास्तिक तत्त्वज्ञांनीही मान्य केलं की ‘एकत्र नांदूच शकत नाहीत’ हे सिद्ध होत नाही.

पण ताई, या उत्तराचा आवाका मोठा नाही, आणि त्याला ताणू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांची जखमी पक्षिणीची कविता आपण शाळेत पाठ केलीय. रक्त गळत असताना ती पिलांकडे परतते. त्या कवितेत मारणारा आहे. दोष द्यायला एक हात आहे, त्याची मोकळीक आहे. १९७९ मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने दुसरंच चित्र मांडलं: वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस भाजतं, दिवसचे दिवस तळमळून मरतं, आणि ते कुणी पाहतही नाही. इथे मारणारा कुणीच नाही. तुमची भाची या पाडसाच्या बाजूला आहे. ज्या पेशींच्या वाढीने ती दर वर्षी मापाचा फ्रॉक बदलत होती, त्याच वाढीत कुठेतरी एक नक्कल चुकली. जग नियमांनी चालतं म्हणूनच त्यात जीव वाढू शकतो आणि म्हणूनच तो मोडूही शकतो, हे उत्तर मला बुद्धीला पटतं. पण तिच्या आईसमोर उभं राहून ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. जे उत्तर आईसमोर उच्चारता येत नाही, त्यावर मी माझी श्रद्धा उभी करत नाही.

याबाबतीत मी इतका हट्टी का, तर किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्या मंडळीतर्फे कपडे आणि धान्य घेऊन गेलेल्यांत मीही होतो. एका घराची फक्त चौकट उभी होती, आंब्याच्या पानांचं तोरण तिच्यावर तसंच, पानं नुकती कोमेजायला लागलेली. तिथून परतताना गाडीत एक प्रवचनकार म्हणाले, मूर्तिपूजा करून झोपले होते, देवाने धडा दिला. मी त्यांना पोर्तुगालमधलं लिस्बन सांगितलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. लोक चर्चमध्ये भक्तीला जमले होते, आणि धरणीकंपात तीच चर्चं त्यांच्या डोक्यावर कोसळली. वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, मागून समुद्र आत आला. तिथेही एका धर्मगुरूने हा देवाचा कोप म्हणून छापलं होतं. गणपती बुडवून झोपलेल्यांना शिक्षा म्हणायचं असेल, तर मिस्साला उभ्या असलेल्यांना काय म्हणणार? ते गप्प झाले. मला मात्र अजून राग येतो.

मग एवढं सगळं नाकारून माझ्याजवळ उरतं काय?

उरतो तो क्रूसावरचा माणूस. मार्कच्या पंधराव्या अध्यायात तो ओरडतो: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. मरताना त्याने वहिनींचा प्रश्न विचारला, आणि वरून उत्तर आलं नाही. आम्ही मानतो की तो देवाचा पुत्र होता. म्हणजे ‘का?’ हा प्रश्न देवाच्या विरोधात बाहेरून फेकलेला दगड उरत नाही. तो देवाच्या स्वतःच्या तोंडून निघालाय. दुःखाचं कारण क्रूस सांगत नाही, ते कशासाठी झालं तेही सांगत नाही. एवढंच दिसतं की देव त्या दुःखाच्या वर, सुरक्षित जागी बसलेला नव्हता. वॉर्डात रात्री दोन वाजता, मॉनिटरची टिकटिक ऐकत बसलेल्या बापाशेजारी, मला दुसरा कुठलाही देव सांगता आला नसता.

आणि पुनरुत्थान. ते नसेल तर क्रूस म्हणजे आणखी एक मेलेला निरपराध माणूस, आणि आमचा विश्वास व्यर्थ. हे पौलानेच लिहून ठेवलंय, मी पदरचं सांगत नाही. पण तिथेही एक बारीक गोष्ट मला धरून ठेवते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, थोमा या शिष्याला त्याने ते दाखवले. झालेलं पुसलं गेलं नव्हतं. तुमच्या भाचीचे अकरा महिने कधीतरी ‘बरंच झालं’ ठरतील असं मी म्हणणार नाही. शत्रूचा शेवट होईल आणि ती तिच्या नावाने पुन्हा हाक मारली जाईल, एवढं मी मानतो. याला तुमचा मित्र पुरावा मागेल. तर्काने सिद्ध करून हातात ठेवावं असं हे नाही, हे वचन आहे, आणि ते देणाऱ्यावर माझा भरवसा आहे. मित्राशी वाद घालू नका. हॉस्पिटलात रक्त द्यायला तो आला होता असं तुम्हीच लिहिलंय.

‘सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे पौलाच्या रोमकरांस पत्रातलं वचन आणि भावांनी खड्ड्यात टाकलेल्या योसेफाची गोष्ट तुम्हाला लोक ऐकवतील. योसेफ भावांना म्हणाला, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. खरंय. पण ते कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं ते बघा. ज्याने सोसलं त्याने, पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या आयुष्याविषयी म्हटलं. तो खड्ड्यात असताना काठावर उभ्या भावांनी ते वाक्य त्याला ऐकवलं असतं तर ती क्रूरता झाली असती. वहिनी अजून खड्ड्यात आहेत.

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं तेव्हा बिघडलं. त्यांनी देवाची बाजू मांडली, ईयोबाने देवाशी भांडण मांडलं, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यातल्या अलीफजाला म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. तेव्हा वहिनींचा राग विश्वास गेल्याची खूण म्हणून धरू नका. आपल्या स्तोत्रांत ८८वं स्तोत्र असं आहे की त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, ते अंधारावरच संपतं. तरी त्याला प्रार्थना म्हणून शास्त्रात जागा मिळाली. ज्या बाईने मला रोपाची गोष्ट ऐकवली, ती तीन वर्षं चर्चमध्ये आली नाही. त्या काळात मी दर पंधरवड्याला तिच्याकडून मेथी घ्यायचो, एवढाच आमचा संबंध. पुढे ती आली, मागच्या बाकावर बसायची. गाणी म्हणायची नाही.

वहिनींना उपासनेला बोलावायला माणसं पाठवू नका. तुम्ही जा. भांडी घासा, त्यांच्या हातात चहा द्या. मुलीचं नाव मोठ्याने घ्या, लोक घाबरून ते टाळतात आणि आईला वाटतं जग तिला विसरलं. तिचे क्लिप, टोपी, वह्या आवरायची घाई कुणी करत असेल तर थांबवा. हॉस्पिटलची फाइल वहिनी पुन्हापुन्हा उघडत असतील, आपण काही चुकलो का हे शोधत. तेव्हा शेजारी बसा, आणि उपचार केलेल्या डॉक्टरांशी एकदा निवांत बोलणं घडवून आणा. आईच्या हातून काही चुकल्याने हा आजार झाला नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याला माझ्या दहा प्रवचनांपेक्षा जास्त किंमत आहे. जेवण आणि झोप अगदीच तुटली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला संकोच करू नका.

पंडिता रमाबाईंची आठवण मला या बाबतीत नेहमी होते. तरुण वयात दुष्काळाने त्यांचे वडील, मग आई, मग थोरली बहीण नेली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला. ख्रिस्ती झाल्यावरही या मरणांचा हिशोब त्यांनी देवाकडून लावून घेतला असं दिसत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. उतारवयात बायबलचं मराठी भाषांतर चालू असतानाच, १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मनोरमा गेली. काम पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. ईयोबाचा आक्रोश त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिला होता, आणि लिहिताना त्यांना ते शब्द परके वाटले नसणार.

आता दगड. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे ईयोबाच्या पहिल्या अध्यायातलं वाक्य. ते त्याने स्वतः म्हटलं, त्याच्या वतीने कुणी कोरलं नाही. आणि तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. तुमचा भाऊ पहिल्या अध्यायात असेल आणि वहिनी तिसऱ्यात, दोघंही ईयोबच आहेत. भावाला समजावून सांगा की वचन नको म्हणणं म्हणजे देवाला नको म्हणणं नव्हे. दगडाची घाई नाही. ओली माती बसायला एक पावसाळा जाऊ द्यावा लागतोच, गवंडीही हेच सांगेल. नंतर नाव आणि दोन तारखा कोरून घ्या, आणि कारागिराला खाली तीन-चार ओळींची जागा मोकळी ठेवायला सांगा. उभ्या दगडावर नंतरही कोरता येतं. आमच्या दफनभूमीत अशी जागा सोडलेले चार दगड आहेत. एकावर अकरा वर्षांनी ओळ आली, ती आईनेच निवडली. बाकी तीन अजून मोकळे आहेत.